घराची हवा : वाट आणि वेळ

घरातली हवा बिघडवणाऱ्या बऱ्याच गोष्टी घरातच तयार होतात. श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प बाहेर पडते. फोडणीतून तेलकट धूर उठतो आणि गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल आणि फिनेल हवेत आपापली भर घालतात. नव्या प्लायवूडच्या कपाटातून फॉर्माल्डिहाइड महिनोन्महिने झिरपत राहते. गाद्यागिरद्यांतली धूळ आणि ओल धरलेल्या भिंतीवरची बुरशी यांचे कण हवेत तरंगतात. यांपैकी कोणतीही गोष्ट थोडी असताना शरीर ती सोसते. खोली बंद राहिली की त्या साचत जातात आणि मग डोके जड होणे, डोळे चुरचुरणे, सकाळी उठल्यावर घसा कोरडा पडणे, दमेकऱ्याला धाप लागणे असे त्रास सुरू होतात.

खोली हवेशीर ठेवणे म्हणजे ही साचलेली हवा बाहेर घालवून तिच्या जागी बाहेरची हवा आणणे. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशी दुहेरी वाट हवी, आणि बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा चांगली असेल ती वेळ साधायला हवी. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व फार आहे. दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर हे शहर वसले आहे. मे महिन्यात इथली दुपार ४० अंशांच्या आसपास तापते, पण पहाटे पारा २५ अंशांजवळ उतरतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान १०-१२ अंशांवर येते. वर्षाचा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यामुळे मे महिन्यात खिडकी उघडण्याची जी योग्य वेळ, ती डिसेंबरात चुकीची ठरते.

हवा किती बदलावी लागते

खोलीतली हवा शिळी झाली आहे हे ओळखण्याची शास्त्रीय खूण एकोणिसाव्या शतकात म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी दिली. हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे भाग १,००० च्या वर गेले, तर त्या खोलीत माणसांच्या मानाने हवा कमी बदलते आहे, असे त्यांनी १८५८ मध्ये मांडले. आजही हा आकडा अंगठ्याच्या नियमासारखा वापरला जातो. बाहेरच्या मोकळ्या हवेत हे प्रमाण सध्या सुमारे ४२० आहे. एक हजारावर हा वायू विषारी ठरत नाही. मात्र तो वाढला म्हणजे श्वासावाटे निघणारे जंतू, बाष्प आणि घरातले इतर वायूही त्याच खोलीत कोंडले गेले आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

हिशेब करून पाहिला की प्रश्नाचा आकार समजतो. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा बेडरूममध्ये सुमारे ३४ घनमीटर, म्हणजे ३४,००० लिटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दोघे झोपले तर २६ लिटर. खोली अगदी घट्ट बंद असेल, तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर तासाला साडेसातशेहून अधिक भागांनी वाढते. ४२० वरून सुरुवात झाली तर पहिल्याच तासात ते हजाराची रेषा ओलांडते. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येत-जात असते. तरीही दारे-खिडक्या लावलेल्या अशा खोलीत पहाटेपर्यंत हा आकडा दोन-तीन हजारांवर जाणे सर्रास घडते. तो हजाराच्या आत ठेवायचा, तर खोलीइतकी नवी हवा तासाला एकापेक्षा थोडी अधिक वेळा आत यावी लागते. दार किलकिले ठेवले आणि खिडकीची एक झडप उघडी राहिली, तर बहुधा एवढे साधते.

खोलीच्या आकारमानाइतकी नवी हवा एकदा आत आली म्हणजे जुनी सगळी गेली, असे मात्र होत नाही. नवी हवा जुनीत मिसळत जाते आणि मिश्रण बाहेर पडते. म्हणून एका बदलात जुन्या हवेचा सुमारे ६३ टक्के भाग जातो आणि ९५ टक्के घालवायला तीन बदल लागतात. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असतील आणि मंद झुळूक असेल, तर तासाला १० ते २० बदल सहज होतात. याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे : वाट मोकळी असेल तर दहा ते वीस मिनिटे पुरतात, आणि वाट नसेल तर दिवसभर उघडी ठेवलेली एकच खिडकीही अपुरी पडते.

हवा कशामुळे वाहते

घरातली हवा दोन कारणांनी हलते. पहिले कारण वारा. वारा घराच्या ज्या बाजूवर येऊन आदळतो तिथे दाब वाढतो आणि विरुद्ध बाजूला कमी होतो. दोन्ही बाजूंना उघडी जागा असेल, तर हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे घरातून आरपार जाते. एकाच भिंतीत खिडकी असलेल्या खोलीत हा आरपार प्रवाह तयार होत नाही. हवा खिडकीपाशीच घुटमळते आणि आतला कोपरा कोंदट राहतो. संभाजीनगरात उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि तिच्या लगतच्या दिशांनी येतो, तर हिवाळ्यात तो पूर्व आणि ईशान्येकडे वळतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम खिडक्या असलेल्या घराला वर्षभर वाऱ्याचा लाभ मिळतो, पण पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा हवा. नाहीतर उन्हाळ्यातले दुपारचे ऊन आणि पावसाळ्यातली झड दोन्ही आत येतात.

दुसरे कारण तापमानातला फरक. गरम हवा हलकी असल्याने वर चढते. तिला वरून बाहेर पडायला झरोका असेल, तर तिची जागा घ्यायला खालून थंड हवा आत येते. वारा पडलेला असतानाही हा प्रवाह चालू राहतो, आणि खालच्या-वरच्या उघड्या जागांमधली उंची जितकी जास्त तितका तो जोमदार होतो. जुन्या घरांत दाराच्या वर जी छोटी जाळीची खिडकी असायची, तिचे काम हेच होते.

घरातली हवा कोणत्या वाटेने जाते हे पाहायला एक उदबत्ती पुरते. पंखा बंद करून पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीजवळ धरावी. धूर आत झुकला तर ती हवा येण्याची वाट, बाहेर ओढला गेला तर जाण्याची. खोलीच्या मधोमध धूर सरळ वर चढून छताखाली पसरत असेल, तर तिथली हवा जवळपास थांबलेली आहे. मग पलीकडच्या खोलीचे दार उघडावे. बहुतेक घरांत त्याच क्षणी धुराची रेघ वाकते आणि दाराकडे वाहू लागते. कोणते दार उघडे ठेवायचे आणि कोणत्या खिडकीसमोरचे कपाट हलवायचे, हे या रेघेवरून कळते. येण्याची वाट मोठी आणि जाण्याची चिंचोळी असेल, तर प्रवाह चिंचोळ्या वाटेइतकाच राहतो. म्हणून दोन्ही वाटा साधारण सारख्या असाव्यात.

लेणी, किल्ला आणि वाडा

या तत्त्वांचे जुने दाखले याच जिल्ह्यात आहेत. अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकांच्या चैत्यगृहांत खाली दार आणि त्याच्या वर घोड्याच्या नालेसारखी मोठी खिडकी आहे. खिडकीचा मुख्य हेतू स्तूपावर उजेड पाडण्याचा होता, पण खाली-वर अशा दोन उघड्या जागांमुळे खोल कातळात कोरलेल्या या दालनाला हवेची वाटही मिळाली. याउलट चित्रांनी भरलेल्या विहारांत हवा फक्त दर्शनी भिंतीतल्या दारा-खिडक्यांतूनच येऊ-जाऊ शकते. मागची भिंत म्हणजे अख्खा डोंगर. अशा दालनात माणसांची गर्दी झाली की त्यांच्या श्वासातले बाष्प आणि अंगाची ऊब आतच राहते आणि चित्रांखालच्या गिलाव्याला बाधते. त्यामुळेच महत्त्वाच्या चित्रलेण्यांत एका वेळी मोजक्याच पर्यटकांना सोडले जाते, आणि पर्यटकांची वाहने फर्दापूरजवळच्या तिठ्यावर, लेण्यांपासून सुमारे चार किलोमीटर अलीकडे थांबवली जातात.

देवगिरीच्या किल्ल्याने हेच शास्त्र युद्धात वापरले. माथ्याकडे जाणारी वाट ‘अंधारी’ नावाच्या काळोख्या, वळणावळणाच्या भुयारातून जाते. भुयाराच्या वरच्या तोंडाशी आग पेटवून शत्रूला धुराने कोंडण्याची तिथे सोय होती, आणि त्या आगीला हवा मिळावी म्हणून कातळात छिद्रही पाडलेले होते. बाहेर पडायला वाट नसलेला धूर किती घातक ठरतो, हे त्या बांधकाम करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

घरांच्या बाबतीत हे ज्ञान वाड्यांत उतरले. पैठण आणि जुन्या औरंगाबादेतल्या वाड्यांना मधोमध आकाशाकडे उघडा चौक असे आणि खोल्यांची दारे त्या चौकात उघडत. रात्री थंड, जड हवा चौकात उतरून भोवतीच्या खोल्यांत पसरे. दिवसा तापलेली हवा चौकातूनच वर निघून जाई. माळवदाच्या घरात छताला झरोका ठेवलेला असे. त्यातून चुलीचा धूर बाहेर पडे आणि उन्हाचा कवडसा आत येई. पाऊस आला की झरोका झाकून घेत. जाड मातीच्या आणि दगडी भिंती दिवसाची उष्णता आत पोचायला वेळ लावत. या घरांत उणिवाही होत्या. मधल्या खोल्या अंधाऱ्या राहत आणि स्वयंपाकघरातल्या धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसे खराब होत. जुन्या घरातली हवेची वाट घ्यावी, त्यातला धूर घेऊ नये.

आजच्या घरांतले अडथळे

शहर वाढले तशी घरांची रचना बदलली. १९७०च्या दशकापासून सिडकोने एन-१ पासून पुढच्या क्रमांकांचे विभाग वसवले. इथल्या अनेक रो-हाउसना दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक आहेत. अशा घराला पुढचे अंगण आणि मागचे अंगण एवढ्याच दोन दिशा असतात. जागा कमी पडू लागल्यावर मागच्या अंगणावर स्लॅब टाकून खोली काढली जाते आणि त्याबरोबर हवा बाहेर जाण्याची वाट बंद होते. घर मोठे होते, पण मधली खोली कायमची कोंदट होते. असे वाढीव बांधकाम करताना मागच्या टोकाला निदान तीन-चार फुटांची मोकळी जागा सोडावी किंवा मधल्या खोलीच्या स्लॅबमध्ये जाळी लावलेला, वरून पावसापासून झाकलेला झरोका काढावा. जिन्याचा माथाही गरम हवा बाहेर सोडण्याचे काम उत्तम करतो. गच्चीचे दार रात्री उघडे ठेवता यावे म्हणून त्याला आतून जाळीचे दुसरे दार बसवता येते.

फ्लॅटमध्ये अडथळा वेगळा असतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व कोरड्या हवामानात खोलीच्या खिडक्यांचा उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश असायला हवा. बारा बाय दहाच्या खोलीला हा हिशेब १२ चौरस फूट येतो. चार बाय चारची खिडकी १६ चौरस फुटांची, म्हणजे कागदावर पुरेशी. पण सरकत्या तावदानांची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, म्हणून हाती आठच चौरस फूट येतात. त्यावर डासांची जाळी लागली की प्रवाह आणखी कमी होतो, आणि ती जाळी धुळीने भरली असेल तर फारच थोडी हवा आत येते. बाहेर उघडणाऱ्या झडपांची खिडकी पूर्ण उघडते आणि वाऱ्याला आत वळवतेही. नवे घर बांधताना किंवा खिडक्या बदलताना हा फरक लक्षात घ्यावा. जाळी दर पंधरा-वीस दिवसांनी ब्रशने आणि पाण्याने धुवावी.

कूलर, पंखा आणि एसी

छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. त्याच्या वाऱ्याने घाम वाळतो, पण खोलीतला कार्बन डायऑक्साइड आणि धूर तिथेच राहतो. घरगुती स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा थंड करून परत देतो. बाहेरची हवा आत आणण्याची सोय त्यात बहुधा नसते. म्हणून एसीच्या खोलीचे दार झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री थोडा वेळ उघडावे, किंवा खिडकीला बोटभर फट ठेवावी. विजेचा खर्च यात किंचित वाढतो, पण सकाळचे जडपण टळते.

मराठवाड्यातल्या घराघरांत दिसणारा कूलर या बाबतीत उजवा आहे, मात्र तो योग्य जागी बसवला तर. कूलरचे काम ओल्या गवतातून किंवा जाळीतून बाहेरची कोरडी हवा ओढून ती थंड करण्याचे. तो खिडकीबाहेर बसवला आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवले, तर खोलीला सतत नवी हवा मिळते. तोच कूलर बंद खोलीच्या कोपऱ्यात ठेवला, तर तीच हवा पुन्हा पुन्हा ओली होते, अंग चिकचिकते आणि गाद्या दमट होतात. पावसाळी हवेत कूलर उपयोगाचा राहत नाही, कारण आधीच बाष्पाने भरलेल्या हवेत पाणी वाळत नाही. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून टाकी कोरडी करावी. डेंग्यू पसरवणारे एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर

घरातल्या हवेची सर्वांत मोठी हानी आजवर चुलीने केली आहे. लाकूड, तुरीच्या काड्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळताना निघणारे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. घरातल्या अशा धुराने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यावर सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे धूर तयारच होऊ न देणे. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेतली आठ कोटीवी गॅसजोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी याच शहराजवळ, शेंद्र्याच्या ऑरिक वसाहतीतल्या महिला मेळाव्यात देण्यात आली. जोडणी मिळाली तरी सिलिंडरचा खर्च परवडत नसल्याने अनेक घरांत पाणी तापवायला आणि भाकरी भाजायला चूल चालूच राहते. अशा घरात चूल परसात किंवा उघड्या पडवीत हलवणे, आणि ते शक्य नसेल तर चुलीच्या थेट वर धुराडे काढणे, हे खिडकी उघडण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

गॅसच्या स्वयंपाकघरातही फोडणी, तळण आणि मिरच्या भाजणे यांचा धूर असतोच. एक्झॉस्ट फॅन शेगडीच्या शक्य तितका जवळ आणि उंचावर असावा. तो गॅस पेटवण्यापूर्वी सुरू करून स्वयंपाक आटोपल्यावर दहा मिनिटांनी बंद करावा. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी दुसरी हवा येण्यासाठी शेजारच्या खोलीची खिडकी उघडी हवी; सगळे बंद असेल तर पंखा नुसता घरघरतो, किंवा न्हाणीघराच्या डक्टमधली कुबट हवा घरात ओढतो. बाहेर नळी न सोडलेली चिमणी तेलाचा अंश अडवते, वायू मात्र घरातच सोडते.

न्हाणीघरातला गॅस गिझर हा जीवघेणा धोका आहे. बंद जागेत गॅसला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि माणूस मदतीला हाक मारण्याआधीच बेशुद्ध होतो. म्हणून गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणे याच कारणाने घातक आहे. या दोन बाबतींत खिडकीच्या फटीवर भरवसा ठेवू नये.

डासांच्या कॉइलबद्दलही लोकांना पुरेशी कल्पना नसते. एक कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मोजले गेले. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावण्यापेक्षा खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी लावणे कितीतरी चांगले. त्यामुळे खिडकीही उघडी ठेवता येते.

ऋतूप्रमाणे वेळा

उन्हाळ्यात, मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, सकाळी नऊच्या सुमारास खिडक्या लावून पडदे ओढावेत आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड होईपर्यंत, म्हणजे साधारण रात्री आठ-नऊपर्यंत, त्या बहुतांश बंद ठेवाव्यात. सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता शोषतो आणि संध्याकाळनंतर ती खोलीत सोडतो, म्हणून रात्रीची आरपार हवा या दिवसांत सर्वांत मोलाची असते. खिडक्या पहाटेपर्यंत उघड्या राहिल्या तर भिंती आणि स्लॅब थंड होतात आणि दुसऱ्या दिवशीची दुपार सुसह्य होते. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात दिला तर स्लॅब कमी तापतो. दुपारी घरात माणसे जास्त असतील, तर सावलीकडची एक खिडकी आणि वरचा झरोका थोडे उघडे ठेवावेत.

पावसाळ्यात ओलीचा प्रश्न पुढे येतो. घरातल्या माणसांचा श्वास, स्वयंपाक, अंघोळी आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे मिळून रोज काही लिटर पाणी हवेत जाते. ते बाहेर गेले नाही तर पोळ्याच्या सुमारास कपाटातले कपडे, चामड्याच्या वस्तू आणि भिंतीचे कोपरे यांवर बुरशी दिसू लागते. पावसाची उघडीप मिळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखे लावावेत. कपाटे बाहेरच्या भिंतीला टेकवून न ठेवता चार बोटे अंतर सोडावे, म्हणजे मागून हवा खेळते. ऊन पडले की गोधड्या, गाद्या, उशा बाहेर काढाव्यात. कपडे झोपायच्या खोलीत वाळवू नयेत. भिंतीत पाणी मुरत असेल, तर ती गळती आधी बुजवावी लागते. नुसत्या हवेने अशी भिंत वाळत नाही.

दिवाळीआधी घराला रंग दिला जातो. रंगातले आणि थिनरमधले वायू पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक निघतात. या दिवसांत खोली आठवडाभर तरी दिवसरात्र उघडी ठेवावी आणि लहान मुलांना, गरोदर बाईला तिथे झोपवू नये. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर दाटला की खिडक्या लावाव्यात आणि दुसऱ्या दिवशी हवा निवळल्यावर उघडाव्यात.

हिवाळ्यात पहाटे खिडकी उघडण्याची सवय अनेकांना आरोग्याची वाटते. पण थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि झाकण बसावे तशी अडकते. शेकोट्या, जाळलेला कचरा आणि वाहने यांचा धूर या थरात कोंडून राहतो. ऊन तापल्यावर हवा वर चढू लागते आणि धूर पांगतो. म्हणून हिवाळ्यात घर उघडण्याची उत्तम वेळ सकाळी दहानंतर दुपारी चारपर्यंत. सर्दी होईल म्हणून दिवसभर घर बंद ठेवण्याची गरज नाही. दुपारी पंधरा मिनिटे आरपार हवा घेतली तरी भिंतींतली ऊब टिकून राहते.

बाहेरची हवा खराब असताना

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानके न गाठलेल्या शहरांच्या यादीत हे शहर आहे. रस्त्यांची धूळ, बांधकामे, वाहने, उघड्यावर जाळला जाणारा कचरा आणि औद्योगिक वसाहती ही अशा प्रदूषणाची नेहमीची कारणे आहेत. भारतीय मानकानुसार २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांचे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवे; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ सुचवली आहे. वाळूजच्या मोरे चौकात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे स्वयंचलित मापनकेंद्र आहे आणि देशातल्या अशा केंद्रांचे आकडे केंद्रीय मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर पाहता येतात.

हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक २०० च्या वर असेल, तर खिडक्या थोडाच वेळ आणि दुपारी उघडाव्यात. वर्दळीच्या रस्त्याकडची बाजू बंद ठेवून मागची बाजू आणि गच्ची वापरावी. जालना रस्त्यासारख्या मार्गालगतच्या घरांना हिवाळा सोडून एरवी रात्री उशिराची वेळ अधिक सोयीची, कारण तेव्हा वाहने कमी असतात. हवा शुद्ध करणारे यंत्र धूलिकण गाळते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. ते असले तरी खोली अधूनमधून उघडावी लागतेच.

आजारपण आणि गर्दीच्या खोल्या

हवेतून पसरणाऱ्या आजारांत मोकळी हवा थेट संरक्षण देते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. क्षयाचे जंतू हवेत तरंगून पसरतात हे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बाल्टिमोरमध्ये सिद्ध झाले. रुग्णांच्या वॉर्डातली हवा नळ्यांतून गिनीपिगच्या पिंजऱ्यांत सोडली, तेव्हा रुग्णांजवळ कधीही न गेलेल्या त्या प्राण्यांना क्षयाची लागण झाली. पुढे २००७ साली पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत मोजणी झाली. दारे-खिडक्या उघडल्यावर तिथल्या खोल्यांत तासाला साधारण २८ वेळा हवा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खास खोल्यांसाठी शिफारस होती १२ बदलांची. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या, १९५० पूर्वीच्या इमारती सर्वांत हवेशीर ठरल्या. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही दारे-खिडक्या उघड्या ठेवून एक्झॉस्ट फॅन लावण्याचा सल्ला सर्वसामान्य घरांसाठी दिला.

घरात क्षय, गोवर, कांजिण्या किंवा फ्लूचा रुग्ण असेल, तर त्याला अशी खोली द्यावी जिची खिडकी बाहेर उघडते. हवा घरातून रुग्णाकडे आणि रुग्णाकडून बाहेर जाईल, अशी दिशा ठेवावी. त्या खिडकीत बाहेर फेकणारा पंखा लावला तर हे सोपे होते. शाळा, शिकवण्या आणि अभ्यासिका यांच्यातही हीच दक्षता हवी. तीस-चाळीस मुले बसलेल्या बंद वर्गात हवा काही मिनिटांतच शिळी होते. दोन तासिकांमध्ये दोन्ही बाजूंची दारे-खिडक्या पूर्ण उघडणे आणि उरलेल्या वेळात वरचे झरोके उघडे ठेवणे एवढ्याने मुलांचे जडावलेपण कमी होते. त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त रोज कोणीतरी ते काम आपले मानून करावे लागते.

खेळत्या हवेलाही मर्यादा आहेत. ती धुराचा, गळतीचा किंवा विषारी वायूचा उगम बंद करत नाही. तो उगम आधी शोधून काढायचा असतो. त्यानंतर जे उरते, ते श्वास, बाष्प, वास आणि जंतू घालवायला मात्र दोन बाजूंना उघडणारे घर आणि ऋतू पाहून निवडलेली वेळ यांच्याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.